उरलेल्या पानांतल्या जाहिराती

भिवंडीत शुक्रवारी यंत्रमाग, म्हणजे लूम, बंद असत. बाकीचे सहा दिवस गाव असं खटखटायचं की शेजारी शेजारी बसलेली दोन माणसंही ओरडून बोलायची, आणि आपण ओरडतोय हे त्यांच्या ध्यानातही यायचं नाही. बाहेरगावचे पाहुणे पहिल्या तासातच विचारायचे, तुमच्याकडे भांडण चाललंय का? शुक्रवारी मात्र सगळं गप्प. त्यामुळे बाबांना मोठ्याने काही वाचून दाखवायचं तर ते शुक्रवारीच. आणि थिएटरला नवा सिनेमा लागायचा तोही शुक्रवारीच. माझ्या हातून जे झालं त्याचं मूळ एवढंच. इतकं क्षुद्र, की कुणाचा खून करून आले असते तर सांगायला कमी लाज वाटली असती.

बाबा एका पेढीवर कापड तपासायचे. मागावरून उतरलेला कोरा ताका टेबलावरून पुढे सरकवायचा आणि तुटलेला धागा, गाठ, विरळ पडलेली जागा दिसली की खडूने खूण करायची. या काठापासून त्या काठापर्यंत नजर फिरवायची, मग कापड हातभर पुढे. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. सवय इतकी अंगात मुरलेली की लग्नाच्या पंगतीत बसले तरी टेबलावरची चादर बोटांनी चाचपायचे, आणि आई त्यांना कोपराने ढोसायची. पुढे काचबिंदू झाला. कळेपर्यंत उजवा डोळा गेला होता आणि डाव्यात धुरकट उजेड तेवढा उरला होता. तरीही वर्षभर ते बोटांनीच कापड तपासत राहिले. पेढीवर कुणाला पत्ता नव्हता. मग एकदा एक खराब लॉट त्यांच्या हातून पास झाला आणि कुणी काही बोलायच्या आत ते स्वतःच काम सोडून घरी आले.

डोळे धड होते तेव्हा त्यांना एका परदेशी मालिकेचं वेड होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती रविवारी टीव्हीवर लागायची. अवकाशात वाट चुकलेलं एक जहाज, त्यात पाच माणसं, आणि दर रविवारी घराकडे जायचा एक नवा फसवा रस्ता. ती मालिका त्यांच्या देशात फार जुनी, नावाजलेली होती म्हणे. आमच्याकडे उशिरा पोचली. आमचा टीव्ही कृष्णधवल, इंग्रजी बाबांना मॅट्रिकपुरतं, पण त्यांचं काही अडायचं नाही. त्या जहाजात एक म्हातारा होता, यंत्रं दुरुस्त करणारा. लूम बिघडला की जो दुरुस्तीला येतो त्याला आमच्याकडे जॉबर म्हणतात, म्हणून बाबा त्यालाही जॉबरच म्हणायचे. बाकीच्या चौघांची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत.

ती मालिका भलत्याच जागी संपली. जॉबर जहाजाच्या बाहेर दुरुस्तीला गेला, वरून दगडांचा मारा सुरू झाला, आतल्यांनी घाबरून जहाज सुरू केलं आणि जॉबरची दोरी तुटली. पुढच्या रविवारी दुसरंच काहीतरी लागलं. मूळ मालिकाच तिथे संपली होती हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. बाबा महिनाभर चिडलेले होते. "माणसाला बाहेर लटकत ठेवून कुणी दुकान बंद करतं का?" असं येईल त्याला विचारायचे.

चार-पाच वर्षांनी, म्हणजे त्यांचे डोळे गेल्यावर, पेढीवरचा एक जुना सोबती एक पुस्तक घेऊन आला. परदेशातून जुन्या कागदाचे गठ्ठे यायचे, आणि पेढीवर तो कागद ताक्यांच्या मध्ये घालायला वापरायचे. अशाच एका गठ्ठ्यात त्याला ते सापडलं होतं. जाडजूड रंगीत कॉमिक, मुखपृष्ठावर तेच जहाज. मालिका जिथे तुटली होती तिथून पुढची गोष्ट कुणीतरी चित्रांत काढली होती. बाबांनी ते दोन्ही हातांत घेतलं, उलटसुलट केलं, कागदाचा वास घेतला आणि मला हाक मारली.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि विषय इंग्रजी. भिवंडीत राहून इंग्रजी विषय घेतला म्हणजे आपण कुणीतरी आहोत अशी माझी ठाम समजूत होती. आई शाळेत शिकवायची, दुपारी घरी नसायची. तेव्हा वाचायचं मीच, हे न बोलताच ठरलं.

पहिले काही शुक्रवार मजेत गेले, हे खोटं नाही. जेवण झालं की बाबा ओट्यावरच्या खाटेवर बसायचे, मी पायरीवर. पण कॉमिक वाचून दाखवणं म्हणजे काय काम असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. फुग्यांमधली वाक्यं मराठीत सांगितली की माझ्या मते काम झालं. बाबांच्या मते काम तिथून सुरू व्हायचं.

"चित्रात काय आहे?"

"जहाज आहे."

"तसं नाही. डाव्या काठापासून सुरू कर आणि उजव्या काठापर्यंत ये."

मग मी डावीकडून सांगत जायची. काळं आभाळ, चार चांदण्या, जहाजाची शेपटी, शेपटीवर खरचटल्याची खूण, खिडकीत कप्तानबाईचा अर्धा चेहरा. मधे काही राहिलं तर त्यांना कसं कोण जाणे समजायचं. "खिडकीच्या खाली काय?" विचारायचे. बघितलं तर खिडकीखाली हमखास काहीतरी असायचं. एका पानावर सहा-सात चौकटी. दुपारभरात सहा पानं झाली तर पुष्कळ.

लवकरच आणखी एक श्रोता मिळाला. गणेशपुरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरून भाजी विकायला येणारी मावशी. शुक्रवारी कामगारांना सुट्टी, बाजार भरलेला, म्हणून ती सकाळच्या एसटीने यायची आणि टोपली रिकामी झाली की परतीच्या गाडीपर्यंत आमच्या ओट्याच्या सावलीत टेकायची. पावसाच्या तोंडावर शेवळं, मग करटोली, थंडीत वालाच्या शेंगा. पहिल्यांदा ती नुसती पाणी प्यायला थांबली होती. मी त्या वेळी जॉबर एकटाच काळोखात तरंगतोय ते पान सांगत होते. तिने तांब्या खाली ठेवला.

"ह्यो कोन? कुठं लटकलाय?"

बाबांनी तिला पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली, अगदी खुशीत. पुढच्या शुक्रवारी ती टोपलीतल्या दोन जुड्या तशाच ठेवून लवकर आली. "त्याचा काय झाला गं ताय? जित्ता हाय ना?" तिच्या पाड्यावरची पोरं तिला रात्री विचारायची आणि ती त्यांना सांगायची, असं तिनेच एकदा लाजत सांगितलं. म्हणजे मी पायरीवर बसून जे बोलत होते ते सह्याद्रीच्या कुशीत जाऊन कुणाच्या तरी चुलीपुढे ऐकलं जात होतं. आज याचं मला केवढं अप्रूप वाटतं! तेव्हा मला वाटलं, झालं, आता ही आणखी एक जण चित्रांबद्दल विचारणार. आणि ती विचारायचीच. "कोपऱ्यात काय हाय गं?"

तिकडे माझ्या मैत्रिणी दर शुक्रवारी तीनच्या खेळाला जात होत्या. शनिवारी कॉलेजात नायकाच्या जॅकेटापासून नायिकेच्या कानातल्यापर्यंत सगळं पुन्हा एकदा व्हायचं, आणि मी इंग्रजीवाली, शहाणी, मधे बसून नुसती हसायची. दोन महिने मी हे सहन केलं. सहन केलं म्हणताना बघा कशी ऐट आहे माझी! बाप आंधळा झाला होता आणि सहन मी करत होते.

मग एक शुक्रवार असा आला की तिकीट काढून ठेवलं होतं. नाक्यावर अडीचला भेटायचं ठरलं होतं. मला वाटलं होतं बाबा जेवून झोपतील, पण ते खाटेवर बसलेले, मावशी सावलीत बसलेली. पुस्तक निम्म्याच्या पुढे आलं होतं. जॉबरच्या टाकीत तीन तासांची हवा शिल्लक होती आणि जहाजात भांडण लागलं होतं, मागे वळायचं की नाही. मी घाईघाईने दोन पानं सांगितली, घड्याळ बघितलं आणि सरळ बोलून टाकलं.

"जहाज वळलंच नाही. पुढे मोठा दगड आला, त्याच्यावर आपटलं आणि फुटलं. सगळे मेले. जॉबरची हवा संपली, तोही मेला. संपलं पुस्तक."

मावशीने तोंडावर पदर धरला. "आसं कसं वं? त्याची बायको वाट बघतं ना घरी." मग ती स्वतःशीच म्हणाली, "मी पोरांना काय सांगू आता?"

बाबांनी हात पुढे केला. मी पुस्तक दिलं. माझं बोट ज्या पानावर होतं तिथे त्यांनी आपलं बोट सरकवलं आणि दुसऱ्या हाताने उरलेली पानं चिमटीत धरली. चाळीस-पन्नास तरी असतील. ताक्याचं कापड पारखतात तसं त्यांनी ती दोन बोटांत चोळून बघितली.

"मग यात काय आहे?"

"जाहिराती."

"एवढ्या?"

"परदेशातल्या पुस्तकांत असतात. खूप असतात."

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. त्यांना मी दिसत नव्हते, पण त्या क्षणी मी खाली बघितलं. तेवढं मला आजही स्पष्ट आठवतं, की आंधळ्या माणसाच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही. "बरं," ते म्हणाले. पुस्तक मिटून त्यांनी उशाशी ठेवलं. मी चपला घातल्या आणि निघाले. सिनेमा वाईट होता. वाईट नसता तरी मला तो आठवला असता असं नाही.

त्यांना कळलं होतं यात मला तेव्हाही शंका नव्हती. बोटांच्या टोकाने सूत ओळखणाऱ्या माणसाला मी जाहिराती सांगत होते! आपली चोरी पकडली गेली, आणि पकडणाऱ्याने जाब विचारायचंसुद्धा टाळलं, तर माणसाने काय करावं? शहाण्या माणसाने जाऊन पाय धरावेत. मी काय केलं, तर पुढच्या शुक्रवारीही पिक्चरला गेले. आणि त्याच्या पुढच्याही. बाबा विचारत नाहीत म्हणजे प्रकरण मिटलं, असा सोयीचा हिशोब मी केला होता.

चौथ्या शुक्रवारी खेळ हाउसफुल्ल निघाला. मैत्रिणी ठाण्याला जायचं म्हणत होत्या, पण मला कंटाळा आला आणि मी घरी परतले. आळीच्या तोंडाशीच बाबांचा आवाज ऐकू आला. ते मोठ्याने वाचत होते.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. बाबा खाटेवर, मांडीवर ते कॉमिक उघडलेलं, बोट पानावर. मावशी खाली बसलेली.

"डाव्या काठाला काळोख," बाबा सांगत होते. "पार काळोख. मधे जॉबर. त्याने हात पुढे केलाय आणि जहाजाचा पत्रा हाताला लागलाय. दिसत काही नाही त्याला, तोंडापुढच्या काचेवर वाफ धरलीय. पत्र्यावरून बोटं फिरवत चाललाय, या कडेपासून त्या कडेपर्यंत. दार कुठेतरी असणार ना? जिथे पत्रा जोडलाय तिथे बोटाला कळतंच."

"कळतं का?"

"न कळायला काय झालं? आयुष्य गेलं त्याचं त्याच्यात."

"पन ताय बोललेली, सगळी मेली म्हनून."

"अगं, दोन पानं चिकटली होती," बाबा म्हणाले. "पावसाळी हवा, कागद ओलसर. तिला कशी दिसणार? मी बोटाने सोडवली. आणि पुढचं पान भलतंच निघालं, म्हणून ती पोरगी फसली बिचारी."

"मंग जित्ता हाय!"

"जित्ता हाय तर!" बाबा तिच्याच बोलीत म्हणाले आणि दोघं हसली.

मी तिथे किती वेळ उभी होते माहीत नाही. मी मारून टाकलेली पाच माणसं बाबांनी एकेक करून जिवंत केली होती, आणि माझा खोटेपणा कागदाच्या ओलीवर ढकलून मला सोडवलंही होतं. त्यांनी मावशीला सरळ सांगितलं असतं की पोरीने थाप मारली, तर ते मला परवडलं असतं. मी रागावले असते, आदळआपट केली असती, आणि बरं वाटलं असतं मला. हे मात्र सहन होण्यापलीकडचं होतं.

त्यांनी माझी चाहूल ओळखली. मान न वळवता म्हणाले, "आलीस? ये. माझा घसा धरलाय बोलून बोलून. एवढं पान झालं की पुढचं तू वाच."

पुस्तक त्यांनी माझ्या दिशेने धरलं होतं. मावशीने माझ्यासाठी सावलीत सरकून जागा केली. एवढं सोपं होतं. मी बसायचं, पान उघडायचं आणि खरोखर काय छापलंय ते डाव्या काठापासून सांगायला लागायचं. कुणी मागचं काही काढलं नसतं. मला माफी मागायलाही लागली नसती.

मी म्हणाले, "मला क्लास आहे."

क्लास नव्हता. मला कसलाच क्लास नव्हता त्या वर्षी. पण ते पुस्तक हातात घेतलं तर मला रडू येईल आणि मावशीपुढे माझी शोभा होईल, ही भीती. इंग्रजीच्या विद्यार्थिनीची शोभा! बाबांचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मग त्यांनी पुस्तक परत मांडीवर ठेवलं.

"हो का? मग जा. उशीर नको करू."

मी आतून एक वही उचलली आणि बाहेर पडले. तासभर बाजारात नुसती फिरले. सुट्टीचे कामगार न्हाव्याकडे रांगा लावून बसले होते, कुणी गावाकडे पैसे पाठवायला निघाले होते, सगळ्यांना काहीतरी काम होतं. घरी आले तेव्हा मावशी गाडीला गेली होती. पुढचे कितीतरी शुक्रवार त्या दोघांचं ते वाचन चालू राहिलं. मी आतल्या खोलीत असले तर दार लोटून घ्यायची. पुस्तकातली ती शेवटची पानं मी स्वतः कधीही उघडून बघितली नाहीत. आमच्या घरात ते पुस्तक आणखी सात-आठ वर्षं होतं.

त्या शुक्रवारनंतर बाबांनी मला काही वाचायला सांगितलं नाही. रागावले होते असं मुळीच नाही. चहाला हाक मारायचे, कॉलेजचं विचारायचे, मी चिडले तर माझी थट्टा करायचे. वर्तमानपत्र आई संध्याकाळी वाचून दाखवायची. माझ्याकडे फक्त वाचायचा कागद येत नव्हता. हे मला कळायला बरेच दिवस लागले, आणि कळल्यावर मी ते मनातल्या मनात बाजूला सारलं.

पुढच्या उन्हाळ्यात मुंबईच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलातून पत्र यायचं होतं. डाव्या डोळ्यावर ऑपरेशन करून काही उपयोग होईल का, यासाठी तिथे बऱ्याच तपासण्या झाल्या होत्या. आई नवस बोलून बसली होती. बाबा वरून काही दाखवत नव्हते, पण सकाळी खिडकीशी उभं राहून डावा डोळा हाताने झाकायचे आणि उघडायचे, उजेड किती येतो ते बघायला. रोज.

एका शनिवारी रात्री जेवताना त्यांनी आईला सांगितलं, "काल हॉस्पिटलचं पत्र आलं. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणतात. आहे तो उजेडही जाईल हळूहळू." आणि आमटी वाढायला ताट पुढे केलं. आई रडायला लागली. पत्र इंग्रजीत असणार, आईचं इंग्रजी बेताचं, तिने ते बघितलंही नव्हतं. मग बाबांना कुणी वाचून दाखवलं? विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या शुक्रवारी मावशी आली तेव्हा बाबा आत पडले होते. मी भाजी घ्यायला बाहेर गेले. ती हळू आवाजात म्हणाली, "दादाचा डोळा न्हाय होयाचा ना गं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"मीच नेलता की त्यांना, मागल्या शुक्करवारी. कागुद आला, तं बोलले, नाक्यावं चल माज्याबरोबर. हात धरून रस्ता वलांडला, कवढी गर्दी. तिथं टायपिंगचा क्लास हाय ना, त्या मास्तरनी वाचून दावला. दादा उभ्या उभ्या ऐकत व्हते. खुर्ची दिली तरी बसले न्हाईत." तिने भाजी माझ्या ओंजळीत घातली. "मी बोल्ले व्हते, ताय घरात हाय, तिच्याकडनं वाचून घ्या. तं बोलले, नको, तिला क्लास असतो."

मी त्या दिवशी घरातच होते. न्हाऊन, आतल्या खोलीत, खिडकीशी केस वाळवत बसले होते. बाबांच्या काठीचा आणि मावशीच्या बोलण्याचा आवाज ओट्यावरून खाली उतरत गेला तो मी ऐकलाही होता.